चिठ्ठ्यांची लढाई

हसू नका, पण बंगळुरूहून धर्मशिक्षण घेऊन नाशिकला परतल्यावर मी पहिली लढाई जिंकली ती चिठ्ठ्यांची. आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या आता व्हॉट्सॲपवर मागवणार होते. मी पाळकसाहेबांना म्हणालो, "स्क्रीन आली, ड्रमसेट आला, नाताळला स्टेजवर धूरही सोडला. निदान चिठ्ठ्या तरी राहू द्या. नाव न घालता माणूस मन मोकळं करतो."

"बरं," ते म्हणाले. "मग वाचायच्या तूच."

पहिल्याच रविवारी तिसरी चिठ्ठी निघाली: 'माझा मुलगा संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला बसत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा.'

मला हेच हवं होतं. मी दहा मिनिटं बोललो. आईवडील वाट बघतात आणि मुलगा बाहेर, याला घर नाही, लॉज म्हणतात, असंही म्हणालो. मग त्या मुलाच्या पश्चात्तापासाठी कळकळीने प्रार्थना केली. 'आमेन' सगळ्यांनीच म्हटलं, पण आईचा आवाज सगळ्यात मोठा होता.

दुपारी जेवताना मी तिला विचारलं, "कोणाचा गं असेल तो मुलगा?"

"सोमवारी संध्याकाळी कुठे असतोस?"

"गंगापूर रोडला, साळव्यांकडे. घरची प्रार्थना कशी करायची ते शिकवायला."

"आणि मंगळवारी?"

"सातपूरला. तेच शिकवायला."

बुधवारचं तिने विचारलं नाही. माझ्या ताटात रस्सा वाढला.

"प्रार्थना छान केलीस," ती म्हणाली. "देवाने ऐकली का, ते आज सात वाजता कळेल."