गिरणीतला रणगाड्याचा रेडिओ

अरे, जठारपेठेतल्या आपल्या गजाननच्या पिठाच्या गिरणीत रणगाड्याचा रेडिओ बसवला आहे, हे तुमाले कोणी सांगितलं का नाही? दुसऱ्या महायुद्धातला! भंगारवाल्याकडून उचलून आणला त्यानं. जड लोखंडी पेटी, अन् बटनांपाशी इंग्रजीसोबत चक्क रशियन अक्षरं. मी तं पाहूनच येडा झालो.

त्याची बायको, आपली वहिनी, म्हणे, "संध्याकाळपर्यंत हा डबा बोलला नाही, तं भंगारात वापस."

ट्रॅक्टरची बॅटरी जोडून गजानन अन् मी दिवसभर भिडलो. मले वाटे, आता दूरदेशीचं काही ऐकू येईन. पण रेडिओ मुकाच. चालू झाला तो फक्त इंटरकॉम, म्हणजे इंजिनाच्या आवाजात रणगाड्यातल्या लोकायनं आपसात बोलायची सोय.

गजानन म्हणे, "आवाज तं आपल्या इथंही तेवढाच आहे की!"

त्यानं एक हेडफोन गल्ल्यावर बसलेल्या वहिनीले दिला, दुसरा स्वतः घालून चक्कीपाशी गेला. गिरणी धडधडून राहिली होती. लग्नापासून हे दोघं तिथं वरडूनच बोलत. नव्या गिऱ्हाइकाले वाटे, भांडून राहिले. आज गजानन माइकमधी हळूच काहीतरी बोलला.

वहिनी गल्ल्यातले पैसे मोजता मोजता थांबली.

"काय झालं, वहिनी? ऐकू नाही येत?"

"येते ना, भाऊजी. म्हणतात, ज्वारी दळून झाली." मंग हेडफोन कानाशी घट्ट दाबत म्हणे, "राहू द्या हा डबा. ह्यांचा खरा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकून राहिली."