दगडी बदामापाशी थुंकल्याबाबत

मी, एफी मकॅस्किल, वय ५८ वर्षे, धंदा गाइड, राहणार लीथ, एडिनबरा, ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी बावीस वर्षांपासून जुन्या शहरात पर्यटकांना पायी फिरवते. तक्रारदार शोना गिलक्रिस्ट, वय ३४, हिला हे काम मीच शिकवले. तीन वर्षांपासून ती वेगळी फिरवते.

काल मंगळवारी किल्ल्यावरची दुपारी एकची तोफ झाल्यावर मी माझी माणसे घेऊन मोठ्या चर्चकडे उतरले. माझ्याकडे सहा जण होते. शोनाकडे एकेचाळीस. मी दोनदा मोजले.

जुन्या तुरुंगाच्या जागी फरसबंदीत पत्त्यांतल्यासारखा दगडांचा बदाम बसवलेला आहे. त्याला खेटून उभी राहून ती एका धोबिणीची गोष्ट सांगत होती. धोबीण तुरुंगातल्या मुलासाठी रोज धुतलेला सदरा आणायची; त्याला फाशी झाल्यावरही आणत राहिली. ही गोष्ट माझ्या आईची. तिच्याकडून मी ऐकली, माझ्याकडून शोनाने. शोना सांगत होती, "माझी आजी मला मांडीवर घेऊन हे सांगायची." तिची आजी ग्लासगोची.

गोष्टीतल्या सदऱ्यापाशी येऊन ती थांबली. मी तिथे कधीच थांबत नाही. पुढची एक बाई रडू लागली, मग तिचा नवरा. बावीस वर्षांत माझ्यापुढे कुणी रडले नाही. मला ते बघवेना. माझेही डोळे भरून आले, त्याचा जास्त राग आला.

मग शोनाने मला पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, "या या, एफीबाई! मंडळी, ह्या माझ्या गुरू बरं का. गोष्ट कशी सांगायची नाही, ते यांच्याकडूनच शिकले!" सगळे हसले. माझे सहाही हसले.

मी म्हणाले, "आयत्या बिळावर नागोबा!"

ती म्हणाली, "जळू नका हो. थुंका आणि पुढे व्हा, लोक खोळंबलेत."

त्या बदामावर जाता-येता थुंकायची आमच्या गावची रीत आहे. लहानथोर थुंकतात, पोलीसही थुंकतात. मी थुंकले. थुंकी शोनाच्या डाव्या बुटावर पडली.

गुन्हा ठरला तर संघटना माझा गाइडचा बिल्ला काढून घेईल, हे मला माहीत आहे. जबाब घेणारे हवालदार बल्फर लीथचेच. ते म्हणाले, "बाई, तिथं वारा असतोच की. लिहू ना तसं?" आणि ते लिहू लागले.

वरील मजकूर त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'वाऱ्यामुळे चुकून' असे शब्द होते. वारा नव्हता. ते शब्द मी खोडायला लावले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.