कोंडून ठेवल्याचा दाखला

वेठबिगारीतून सुटलेल्यांपैकी काहींना सरकारी सल्लागार समितीवर घेणार होते. अर्जाच्या रांगेत माझ्या पुढच्या मावशी कारकुनाच्या खिडकीशी पोचल्या.

“अनुभव किती, मावशी?”

“अकरा वर्षं, दादा. शिलाईच्या कारखान्यात कोंडलं होतं.”

“मध्ये खंड?”

“कसला खंड? बाहेरून कुलूप होतं.”

“वा, सलग सेवा! मालकाचा दाखला आणलाय?”

“कशाचा?”

“कोंडून ठेवल्याचा. सही-शिक्क्यासकट.”

“चोर कधी चोरीची पावती देतो का?”

“तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न.”

“ही बोटं बघा. सुईनं चाळण झालीय.”

“बोटं फाइलला लावता येत नाहीत, मावशी. बरं, नोकरी सोडल्याचं पत्र तरी?”

“मोरीच्या खिडकीतून उडी मारून पळाले. पत्र कुठं लिहीत बसू?”

“म्हणजे राजीनामा नाही. मग कागदोपत्री तुम्ही अजून तिथंच आहात. ही जागा सुटलेल्यांसाठी आहे.”

“मला धरून न्यायला मालकाची माणसं आली होती, तीही हेच म्हणाली.”

“बघा! त्यांनासुद्धा नियम पाठ आहेत. हं, पुढे कोण?”