दगडाशेजारी उभा तो मीच

नाही, मला सांगा, माणसाला दगडाशेजारी कशासाठी उभं करतात? मापासाठी! कडा किती उंच आहे ते बघणाऱ्याला कळावं म्हणून! आणि हे मला कळलं कधी, तर न्हाव्याला, डॉक्टरला, जावयाला, सगळ्यांना सांगून झाल्यावर, की दगडांच्या सिनेमात मी माहिती सांगणार आहे... चाळीस वर्षं दगड फोडलेत मी, चाळीस!

तुम्हाला सांगतो, सिनेमावाले खाणीवर आले तेव्हा त्यांना दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो टोपीवाला दिग्दर्शक, सुरुंग लावलेल्या कड्याखाली खुर्ची टाकून बसला! दंडाला धरून उठवला मी. म्हटलं, "साहेब, हा काळा थर वेगळा, हा लाल वेगळा, मधल्या फटीतून पाणी झिरपतं, तिथून तो सुटतो." तर म्हणतो कसा, "वा काका, वा! असेच उभे राहा. फक्त बोलू नका." मला वाटलं, बोलणं मागनं घेतील...

मागनं आलं पत्र. सिनेमात सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत का ते तपासायचंय, तुम्हीही या. गेलो. अंधाऱ्या खोलीत एक बाई, मांडीवर फॉर्म, हातात पेन्सिल. तासाभराचा सिनेमा, त्यात पंचावन्न मिनिटं नुसता दगड!

"बायका किती?" बाई म्हणाल्या.

"एक," शेजारी बसलेला टोपीवाला म्हणाला. "ती काय, लांबून छत्री घेऊन जातेय."

"ती तुमचीच कॅमेरावाली ना? चुकून आलीय."

"हो, पण आलीय ना!"

"ज्येष्ठ?"

"हे काका."

"कष्टकरी?"

"हेच काका."

"शिक्षण कमी?"

"हेच."

"ऐकायला कमी येणारं कुणी?"

मी ताडकन म्हटलं, "मला चांगलं ऐकू येतं!" तर टोपीवाला कानाशी येऊन, "काका, थोडं कमी येऊ द्या ना, रकाना भरतोय!" अहो, चाळीस वर्षं दगड फोडलेत मी, रकाने नाही भरलेत!

मग बाईंनी विचारलं, "खाणीवरचा माणूस बोलतो कुठे?"

"बोलत नाही... उभा राहतो."

"मग नापास."

काय गोड शब्द होता हो तो! टोपीवाल्याचा चेहरा पडला आणि माझी मान वर झाली. "काका," म्हणाला, "उद्या आवाज द्यायला या."

गेलो, इस्त्रीचा सदरा घालून! आवाजाला कशाला लागतो सदरा? पण गेलो. भिंतींना गाद्या लावलेली खोली. बोलायचा कागद आदल्या दिवशीच दिला होता. वाचायची मला सवय नाही, नातीनं घरी दहा वेळा म्हणून घेतला होता. "मी इथं कोट्यवधी वर्षं आहे. माझ्यावरून आग गेली, पाणी गेलं. मी हललो नाही." म्हटलं, वय जरा वाढवून लिहिलंय, बाकी बरोबर आहे! बायको म्हणाली, "हललो नाही हे तर अगदी खरं. घरात पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही कधी." मी लक्ष दिलं नाही. चाळीस वर्षं दगड फोडलेल्या माणसानं पेले उचलायचे?

सिनेमा लागला त्या दिवशी अख्खी रांग आमची. न्हावी दुकान बंद करून आला! पडद्यावर मी, शेजारी कडा. माझं तोंड बंद. आणि आवाज आला, "मी इथं कोट्यवधी वर्षं आहे..."

नात ओरडली, "आजोबा, दगड तुमच्या आवाजात बोलतोय!"

दगड! माझं बोलणं दगडाला दिलं, आणि मी... माप! न्हावी म्हणाला, "आवाज शोभतो हं त्याला." जावई तर रुमाल तोंडात कोंबून बसला.

बाहेर बाई दिसल्या. तडक गेलो. म्हटलं, "बाई, मी बोललो कुठे?"

"बोललात की! पास झाला सिनेमा." फॉर्म पुढे केला. नातीनं वाचला. ज्येष्ठ : दोन.

"दुसरा कोण?"

बाईंनी पेन्सिलीनं मागच्या भिंतीवरच्या पोस्टरातला कडा दाखवला. "बोलतो ना तो. मग मोजावा लागतो."

आता काय डोकं फोडणार तिथं? म्हटलं, "मग आधी त्याला मोजा, वयानं मोठा आहे." आणि घरी आलो... चाळीस वर्षं फोडलाय मी त्याला, एकदा तरी बोलू दे बिचाऱ्याला.