चार प्लग आणि अख्खी बिल्डिंग

...आणि वर मलाच विचारतात, तुझं लक्ष कुठे असतं रे? आता तुम्हीच सांगा, माणूस बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसलाय, एक पाय हवेत आहे, तोंडात पाना आहे, आणि मागून तीन माणसं तीन बाजूंनी बोलतायत, तर त्याचं लक्ष असणार कुठे? बरं, उत्तर तरी कसं देऊ, तोंडात पाना! मला येतं हो सगळं... करू दिलं तर ना.

तुम्हाला सांगतो, गाडी आमची. म्हणजे बाबांची. इतकी जुनी, की तिचा मूळ रंग कुठला यावरून आमच्या घरात अजून भांडण होतं. आणि मी एवढासा होतो तेव्हापासून बाबांचं एकच, "पाय पेडलला पोचले की शिकवीन." झालं, मी लागलो वाट बघायला. दर सुट्टीत गुपचूप किल्ली घ्यायची, सीटवर बसायचं आणि पाय ताणायचे. अंगठा पोचायचा, टाच नाही. माझ्याएवढी मुलं उंची कशाला वाढवतात? बास्केटबॉल खेळायला. मी क्लच दाबायला वाढवली. शेवटी यंदा पोचले पाय. ब्रेकला पोचले, क्लचला पोचले, सगळीकडे पोचले... आणि त्याच आठवड्यात गाडी बसली. भर सिग्नलला खोकली, चार गचके दिले आणि बंद. दोर बांधून घरी आणली. मी मागून ढकलत होतो, म्हणजे गाडीला पाय लावायचे सोडून हात लावून आलो.

बाबा म्हणाले, बास आता. जुन्या गाड्या घेणारा एक एजंट असतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, रविवारी संध्याकाळी येतो, बंद असेल तर भंगारात धरीन. भंगारात! मी म्हटलं, बाबा, मी चालू करतो. बाबा हसले. मोठ्याने नाही हो, नाकातून. ते नाकातून हसले ना, की मला फार लागतं.

"कर," म्हणाले. "तो यायच्या आत चालू झाली, तर ठेवू."

आता शाळेचं आणि माझं फारसं कधी जमलं नाही. गणिताच्या सरांनी तर माझ्याकडे बघणंसुद्धा सोडलं होतं. पण नाक्यावरच्या गॅरेजमध्ये मी इतक्या दुपारी घालवल्यात, की तिथला मिस्त्री मला हाकलायचं विसरून गेलाय. मला इंजिन उघडं दिसलं की बरं वाटतं. आणि हा खोकला कशाचा आहे ते मला सिग्नललाच कळलं होतं. प्लग काळे झालेत. चार प्लग काढायचे, घासायचे, वायरी जिथून निघतात ती वरची टोपी पुसायची, वायरी परत लावायच्या, संपलं. तासाभराचं काम. कोणाचं? एकट्या माणसाचं.

आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एकटा माणूस मिळतो का? रविवारी दुपारी मी बॉनेट उघडलं, त्याचा नुसता कर्र आवाज झाला, की तळमजल्याचे आजोबा दारात. आजोबा रिटायर झाल्यापासून सगळ्यांच्या कामावर असतात. आले, हात मागे बांधले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आमच्या वेळी इंजिनं लोखंडाची असायची." मी म्हटलं, आजोबा, ही पण लोखंडाचीच आहे. म्हणाले, "ते लोखंड वेगळं."

मग समोरच्या फ्लॅटमधला कंप्युटरवाला दादा आला. हा घरातूनच काम करतो, म्हणजे दिवसभर गॅलरीत उभा असतो. हातात मोबाईल, मोबाईलवर व्हिडिओ, व्हिडिओत कुठल्यातरी भलत्याच कंपनीची गाडी. मी एक स्क्रू फिरवला की हा, "थांब थांब, पॉज करतो, त्यात असं नाही दाखवलंय." अरे दादा, त्यात ही गाडीच नाही दाखवलीय! आणि वरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकू. काकूंना खाली यावं लागत नाही, त्यांचा आवाजच खाली येतो. "ए उद्योगी, ते काळं माझ्या चादरीला लागेल हां." चादर कुठे होती? गाडीच्या मागे, दोरीवर. मी कुठे होतो? गाडीच्या पुढे, बॉनेटमध्ये. मला येतं हो सगळं... करू दिलं तर ना.

तर मी काय केलं, मी म्हटलं ह्यांना आधी कामाला लावू. दादाच्या हातात एक सुटी वायर दिली. कुठेच जोडलेली नाही, माझ्या खिशातली. म्हटलं दादा, ही अर्थिंगची आहे, घट्ट धरा, सोडलीत तर बॅटरी उतरेल. माणूस इतका शिकलेला, लॅपटॉप दोन आहेत त्याच्याकडे... धरून उभा राहिला. आजोबांना म्हटलं, आजोबा, पुढे इंजिन मोकळं केलं ना, की गाडी पुढून हलकी होते, मागे वजन लागतं. बसता का मागे? आजोबा खूश. दार उघडून बसले बिचारे, काच खाली केली, साहेबासारखे.

इथे मी फसलो, तुम्हाला सांगतो.

कारण मी चारही प्लग काढून, चारही वायरी काढून, ओळीने, नंबरवारीने, खाली पेपर पसरून त्यावर मांडल्या होत्या. एकेक काढून एकेक लावायची असते, माहितीय मला. पण मिस्त्री चारही एकदम काढतो, म्हणून मीही काढल्या. फरक एवढाच, की मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आजोबा नसतात. मी टोपी पुसत होतो, मागून दार वाजलं, पुन्हा वाजलं, मी लक्षच दिलं नाही. वळून बघतो तर प्लग आणि वायरी टायरपाशी एका ढिगात, आणि माझा पेपर आजोबांच्या हातात, मागच्या सीटवर. म्हणाले, "नुसतं बसून काय करायचं? आणि तुझा पसारा गोळा करून ठेवलाय बघ, नीट." नीट! ओरडणार होतो मी, पण ओरडू कुठल्या तोंडाने? पेपर त्यांचाच होता. सकाळी त्यांच्या दारातून मीच उचलला होता.

आता ह्या वायरींची गंमत सांगतो, म्हणजे माझं दुःख कळेल. इंजिनात सिलिंडर चार. पण ते शाळेतल्या मुलांसारखे ओळीने पेटत नाहीत. आधी एक, मग तीन, मग चार, मग दोन. का? मला विचारू नका, मिस्त्रीला विचारलं तर त्याने पाना फेकून मारला होता. पण क्रम चुकला की गाडी सुरू व्हायच्या ऐवजी मागून फटाका फोडते. प्लग घासून परत बसवले. कुठली वायर कुठल्या प्लगला, ते लांबीवरून कळतं, ते मी लावलं. राहिली टोपीकडची टोकं. मी डोळे मिटून म्हणायला लागलो, एक तीन चार दोन, एक तीन चार दोन... आणि नेमक्या त्याच वेळी काकू वर गॅलरीत कुठल्याशा पार्सलवाल्याला फोनवर मोबाईल नंबर सांगायला लागल्या. "चार... नाही हो, चार, त्याच्यानंतर दोन... तीन नाही, दोन. दोन हो दोन." आणि तो पार्सलवाला बहिरा! परत पहिल्यापासून. इकडे दादा, एका हातात वायर, दुसऱ्यात मोबाईल, "व्हिडिओत एक दोन चार तीन म्हणतोय." मागून आजोबा, "आमच्या वेळी सगळं सरळ असायचं, एक दोन तीन चार."

माझ्या डोक्यात कुठला क्रम उरला असेल? मी लावल्या वायरी. किल्ली फिरवली.

धाड!

आजोबा पेपरसकट उडाले. दादाने वायर सोडली आणि लगेच पुन्हा धरली. आणि सायलेन्सरमधून काळा ढग निघाला तो कुठे गेला? चादरीवर. मधोमध, गोल, अगदी कंपासने काढल्यासारखा. पार्सलवाल्याला तसाच अर्ध्या नंबरावर टाकून काकू खाली आल्या.

मी बोलणी खाल्ली. किती खाल्ली ते सांगत नाही, पण माझ्या दोन पिढ्या त्यात येऊन गेल्या. आणि आवाज ऐकून बाबा खिडकीत आले, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि नाकातून... जाऊ दे. आत गेले. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला खरंच भीती वाटली. एजंट कधीही टपकणार, माझे एवढे वाढवलेले पाय, आणि बाजूला तीन तोंडं अखंड चालू. मला हवी होती काय? नुसती शांतता. एक तीन चार दोन म्हणून होईल एवढी शांतता.

आणि मग सुचलं. असं काही मला गणिताच्या पेपरात कधी का सुचलं नाही, देव जाणे.

मी ओठांवर बोट ठेवलं. हळू आवाजात म्हटलं, काकू, दादा, आजोबा, खरा प्रॉब्लेम वायरींचा नाहीच. गाडीत कुठेतरी बारीक टिकटिक होतेय. ती कुठे होते कळलं, की झालं. पण ती अशी ऐकू येत नाही, पत्र्याला कान लावावा लागतो, आणि श्वास रोखावा लागतो. मी एकटा कुठे कुठे लावू?

आता इंजिन बंद होतं. बंद गाडीत टिकटिक कसली? पण विचारलं का कोणी? काकूंनी पदर कानामागे घेतला आणि डाव्या दाराला कान लावला. आजोबा मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. दादाने चक्क मोबाईल खिशात घातला, जमिनीवर आडवा झाला आणि गिअरबॉक्सच्या खाली डोकं घातलं. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये... शांतता. कावळासुद्धा गप्प बसला. मी आरामात, पुटपुटत, एक, तीन, चार, दोन, चारही टोकं टोपीत बसवली. दाबून बघितली. किल्ली फिरवली.

लागली! कशी लागली म्हणून सांगू? खोकली नाही, गचका नाही. झोपलेलं मांजर घुरघुरतं तशी. बाबा धावत खाली आले, आणि या खेपेला तोंडाने हसले.

आणि त्याच वेळी फाटकातून एजंट.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिन ऐकलं आणि त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, साहेब, ही तर चालू गाडी, भंगाराचं विसरा, मी गिऱ्हाइकाचा भाव देतो, आत्ता नेतो, चालवत नेतो. आणि आकडा त्याने बाबांच्या कानात सांगितला. बाबांचं हसू तोंडावरच राहिलं, पण डोळे हिशेबाला लागले. "ठेवू म्हणालो होतो खरा मी..." असं माझ्याकडे न बघता बोलले. म्हणजे बघा तुम्ही! बंद असती तर भंगारात गेली असती, आणि मी चालू केली म्हणून मानाने जाणार. किल्लीवर बाबांचा हात गेला.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पण त्यांना दाराचं सांगितलंत का?"

एजंट म्हणाला, दाराचं काय?

"डावं दार आतून कण्हतं. मी स्वतः ऐकलंय, कान लावून."

आजोबा उकिडवेच होते, त्यांना उठता येत नव्हतं. तिथूनच म्हणाले, "दाराचं सोडा, मागचं चाक आतून ढिलं आहे. खळखळ येते. आमच्या वेळी अशी चाकं आम्ही घेत नव्हतो." आणि दादा गाडीखालून बाहेर आला, केसांना ग्रीस, अगदी डॉक्टरसारखा गंभीर, आणि म्हणाला, "सॉरी टू से, पण गिअरबॉक्स फार दिवस काढणार नाही."

खोटं नव्हते हो बोलत. त्यांनी खरंच ऐकलं होतं. इतका वेळ श्वास रोखून कान लावला, तर माणसाला काहीही ऐकू येतं. एजंटने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग गोल डाग पडलेल्या चादरीकडे बघितलं. म्हणाला, विचार करून फोन करतो. जाताना बॉनेटवर ठेवलेला हात त्याने असा उचलला, जसा काही चटका बसला.

बाबा गंभीर झाले. मला म्हणाले, "इतकं बिघडलंय आणि तुला कळलं नाही? दार, चाक, गिअरबॉक्स, एकेक नीट कर. दर रविवारी एक काम. काम झालं की एक फेरी मारून बघत जाऊ, तू चालव, मी शेजारी बसतो. सगळी नीट झाली की त्याला परत बोलावू."

म्हणजे काय झालं, लक्षात आलं ना तुमच्या? गाडीत काही बिघडलेलं नाही, हे एकट्या मला माहीत. आणि ती नीट झाली की गेली. मग करतो काय, पहिल्या रविवारी दार दुरुस्त केलं. म्हणजे दाराशी बसून पुसलं, तेल दिलं, कपाळावर आठ्या घातल्या. मग फेरी. क्लच, ब्रेक, सगळं पोचतं हो, मस्त पोचतं. परत आलो, बाबा वर गेले, आणि मी मागच्या चाकाच्या झाकणात एक लहानसा नट टाकून ठेवला. खुळखुळायला. पुढच्या रविवारची सोय नको?

फक्त एकच आहे. आता दर रविवारी सकाळी ते तिघं येतात, आणि मी बॉनेट उघडायच्या आधीच बोलायला लागतात. आजोबांचं लोखंड, दादाचा व्हिडिओ, काकूंची नवी चादर. कान किटतात, डोकं भणभणतं, हातातला पाना गळून पडतो. मला येतं हो सगळं, तासाभरात संपवीन. पण काय करणार... त्यांच्या खुर्च्या हल्ली मीच मांडतो.