सुमन नावेत बसली का?

...अन् वरून मलेच विचारते, कूलर काहून बंद केला! आता हिले काय सांगू? नागपूरचा मे महिना, रस्त्यावर डांबर पातळ होऊन राहिलं, कुत्रे नालीत जाऊन झोपून राहिले, अन् हा माणूस भर दुपारी कूलर बंद करून भिंतीले कान लावून पडला... प्रेमलताले, म्हणजे आमच्या घरच्या मंडळीले, वाटलं का मले ऊन लागलं. कांदा घेऊन आली खिशात ठेवाले! पण तुमाले सांगतो, मले ऊनबिन काही लागलं नव्हतं. मले सुमन लागली होती.

अहो, तसं नाही! पूर्ण ऐकून तं घ्या.

आम्ही राहतो सक्करदऱ्याले, तलावाच्या मागच्या अंगाले. आमची अन् शेजारच्या गजभियेची भिंत एकच. तिकडं फोडणी पडली का इकडं शिंक येते, अशी भिंत. त्या घरी रविंद्र गजभिये, तो बँकेत, दिवसभर घरी नसतेच. त्याची बायको अंजनाबाई, टेलिफोन ऑफिसातून मुदतीआधीच, लय वर्षांमागं रिटायर झालेली. अन् रविंद्रची माय, बायजाबाई. पंचाहत्तरी ओलांडलेली म्हातारी, डोळ्यानं दिसत नाही, पण जीभ अशी का तिच्यावर विळा घासून घ्यावा! सकाळपासून सासूचं चालू... वरणात मीठ काहून, पोह्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, काहून नाही, दार काहून आपटलं! सूनही काही कमी नाही, एकाचे दोन परत करे. पण आपल्याले काय कराचं बाप्पा दुसऱ्याच्या घरचं? भिंत पातळ आहे म्हणून कानावर येते, बस.

पण दुपारची भांडी झाली का लढाई बंद. एकदम बंद! अंजनाबाई पुस्तक काढे, सासूच्या खाटेपाशी बसे, अन् मोठ्यानं वाचे. वर्षानुवर्षं हाच नेम. कारण तुमाले सांगतो, म्हातारीले स्वतःले अक्षर येत नाही. छप्पनच्या दीक्षेले बापाच्या खांद्यावर बसून गेली होती, तवा बाप म्हणे, पोरी, आता तुले शाळेत घालतो. बाप लवकर गेला, शाळा राहून गेली. म्हणून रविंद्रसाठी पोरगी पाहाले गेली तं बाकीच्या बाया विचारून राहिल्या भाकर येते का, शिवण येते का, अन् हिनं सरळ पेपर पुढं केला. "भाकर मी टाकीन वं. तू हे वाचून दाखव." अंजनाबाईनं आख्खं पान वाचलं. लग्न पक्कं!

अन् वाचणं म्हणजे काय वाचणं! म्हातारा आला का आवाज खरबरीत, लहान पोरगी आली का बारीक, अन् रडण्याची जागा आली का ही स्वतःच रडते, मग थांबते, पाणी पिते... इकडं माहा जीव टांगलेला! म्हातारी तं पुस्तकातल्या लोकायसंग भांडे. "त्या मेल्या दादारावले कोनी काही म्हनत काहून नाही वं?" "आत्याबाई," सून सासूले म्हणे, "पुस्तकात तसंच आहे." "असू दे! त्याले म्हनाव, बहीन हाय तुही, बकरी नाही!"

आता ही दादारावची बहीण म्हणजेच आपली सुमन. कव्हर फाटलेलं जाडजूड पुस्तक, नाव ना गाव. सुमन वैनगंगेच्या काठच्या खेड्यात मास्तरीण. नदीच्या पलीकडं मनोहर, दवाखान्यातला कंपाउंडर. दोघायचं जुळलं, अन् भाऊ दादाराव तिचं दुसरीकडं ठरवून राहिला. शेवटी एक दिवस सुमन घर सोडते, भर पावसात नदीवर येते, नदीले पूर, नाववाला म्हणते बाई आज नोको, पाणी चढून राहिलं. सुमन त्याच्याकडं पाहते, मग पाण्याकडं पाहते, एक पाय उचलते... अन् अंजनाबाईनं पुस्तक मिटलं! "आता चहा ठेवते." अरे! ही काय चहाची वेळ आहे? मी इकडं खाटेवर उठून बसलो!

अन् नेमका त्याच संध्याकाळी सौरव आला. सौरव म्हणजे अंजनाबाईचा पोरगा, पुण्याले कॉम्प्युटरमधे. पोरगं गुणाचं, खोटं काहून बोलू. आईचा घसा बसते म्हणून एक डब्बी घेऊन आला. लाडूएवढी. त्या डब्बीले म्हणाचं गोष्ट सांग, का ते कॉम्प्युटर जागच्या जागी नवीकोरी गोष्ट तयार करून सांगते. कोणी लिहिली नाही, कुठं छापली नाही, आतल्या आतच! सौरवनं ती फ्रिजवर ठेवली, अन् डब्बी बोलली. अशी गोड, अशी मऊ... "नमस्कार आजी! आज आपण कोणती बरं गोष्ट ऐकूया?"

म्हातारी दचकली. "हे कोन वं? सौरवनं बायको आनली का?"

सौरव दोन दिवस राहून गेला, डब्बी राहिली. अन् म्हातारी तिच्यावर फिदा! कारण डब्बी नाही म्हणतच नाही. "संत्र्याच्या बगीच्याची सांग." "नक्की आजी!" "बगीचा म्हातारीच्या नावावर कर." "छान कल्पना आजी!" "विहिरीले पानी भरपूर लाव." "अगदी हवं तेवढं!" मी भिंतीआडून ऐकून राहिलो. सगळं हिरवं, सगळे सुखी, कोणी मरत नाही, कोणी पळत नाही. बाप्पा, मले दहा मिनिटात झोप लागली. कूलर बंद असून!

पण मग एका दुपारी म्हातारी काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "आज घरातली गोष्ट सांग. अन् त्याच्यात सून नोको."

"नक्की आजी! सुनेशिवाय गोष्ट ऐकूया!"

तिकडं भांड्याचा आवाज एकदम थांबला. मग अंजनाबाईचा आवाज आला. भांडणाचा नाही, अगदी हळू. "आत्याबाई, मले गोष्टीतून काढलं का?" डब्बी आपली चालूच, "एका टुमदार घरात एक आजी राहत असे..."

आपल्याले काय कराचं दुसऱ्याच्या घरचं! पण मलेच कसंतरी झालं. जिनं इतकी वर्षं घसा फोडला, तिलेच घराबाहेर काढलं, तेही एका लाडूएवढ्या डब्बीनं!

पण अंजनाबाई कच्ची नाही. रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी भांडी झाली, तिनं तेच पुस्तक घेतलं, त्याच खाटेपाशी तीच खुर्ची टाकली, अन् वाचाले लागली... मनात! पान पलटल्याचा आवाज तेवढा येते. फर्र... फर्र... मधेच ती हसते. मधेच म्हणते, "अरे देवा!" मग पुन्हा फर्र... याच्यापरीस शिव्या परवडल्या!

म्हातारीनं थोडा दम धरला. मग विचारते, "काय झालं वं?"

"कुठं काय?"

"सुमनचं?"

"विचारा तुमच्या डब्बीले."

आता म्हातारीही हट्टी. डब्बीले सुमनची आतापर्यंतची गोष्ट सांगितली, अन् लागली पुढचं विचाराले. पहिल्या दिवशी डब्बी म्हणते, सुमन नावेतून सुखरूप पार गेली अन् तिचं धूमधडाक्यात लग्न झालं. दुसऱ्या दिवशी म्हणते, सुमन काठावरूनच परत आली, पुढं शिकून कलेक्टर झाली. म्हातारी बुचकळ्यात. "अवं, काल तं लगन झालं होतं!" तिसऱ्या दिवशी म्हणते, मनोहरच पोहत आला! पुरात! कंपाउंडर! अन् दादारावनं दोघायच्या पाया पडून माफी मागितली.

तवा म्हातारी जी उखडली... "दादाराव? तो मेला पाया पडंल? तुले दादाराव माहीत तरी हाय का? खरं सांग, सुमनचं झालं काय!"

"क्षमा करा आजी! तुम्हाला कोणता शेवट आवडेल?"

"मले आवडनारा नोको वं! मले झालेला पायजे!"

मी भिंतीआडून टाळीच वाजवली, देवाशपथ. काय बोलली म्हातारी! काहून वाचते माणूस? आपण ओरडतो नोको जाऊ, नोको जाऊ, अन् तो जातेच! आपल्या बापाचं ऐकत नाही, तवाच तं आपण रात्रभर त्याची काळजी करतो. प्रत्येक वाक्याले हाव साहेब, हाव साहेब करणारे तं आपल्याले ऑफिसात काय कमी भेटले?

पण अंजनाबाई पाघळली नाही. फर्र... फर्र... म्हातारीनं चहा सोडला. ही चहा ठेवे, ती तसाच निवू दे. मग मात्र मले राहवलं नाही. कढीपत्त्याचा बहाणा करून मी गेलो त्यायच्या घरी. अंजनाबाईनं कढीपत्ता तोडून दिला, म्हणाली, "अजून काही पाहिजे का ओमभाऊ?" अन् माह्या तोंडातून निघूनच गेलं...

"वहिनी, सुमन नावेत बसली का?"

झालं! अंजनाबाईचे डोळे एवढे. "तुमाले काय माहीत सुमन?" मी कढीपत्त्याकडं पाहून राहिलो. तितक्यात आतून म्हातारी, "पाह्य वं! शेजारचा ओमप्रकाशही तडफडून राहिला! त्याच्यासाठी तरी वाच!"

"त्यायच्यासाठी नाही वाचणार," अंजनाबाई दारातूनच म्हणाली. "कोणासाठी वाचू ते तुमी सांगा."

म्हातारी उठली, भिंत चाचपडत फ्रिजपाशी गेली, डब्बीची वायर ओढली. डब्बी म्हणाली, "पुन्हा भेटू आ..." अन् चूप. म्हातारी वायर हातात धरून उभी. "माहं चुकलं," असं काही ती म्हणाली नाही हो, ती कायले म्हणते! ती म्हणाली, "वाच अंजना. गोष्टीत सून असू दे. दोन असू दे."

मग वाचलं. मीही तिथंच जमिनीवर बसलो, हातात कढीपत्ता. सुमन नावेत बसली. नाव मधल्या धारेपर्यंत गेली. अन् तुमाले सांगतो... उलटली. सुमन गेली! अर्धं पुस्तक बाकी, अन् सुमन गेली! म्हातारी ओरडली, "खोटं! तू चुकीचं वाचलं! पुन्हा वाच!" अंजनाबाईनं पुन्हा वाचलं. पुन्हा गेली. हिले असं रडू फुटलं का पुस्तक मांडीवर पडलं, अन् म्हातारीनं चाचपडत चाचपडत सुनेचं तोंड शोधलं, अन् आपल्या पदरानं पुसलं. "उगी वं. दादारावले पाहून घेऊ आता." मी? मी काही रडलोबिडलो नाही. कढीपत्त्याचा वास डोळ्यात गेला.

डब्बी आता रविंद्र वापरते, क्रिकेटच्या बातम्या ऐकाले. अन् अंजनाबाईनं मले सांगून टाकलं, "ओमभाऊ, इतके दिवस फुकट ऐकलं, आता माहा घसा बसला का तुमी वाचाचं." म्हणून सध्या भर उन्हात, रोज दुपारी, प्रेमलताच्या शिव्या खाऊन, मी पुस्तक वाचून राहिलो. जीव ओतून! आवाज बदलून! अन् काल म्हातारी मधेच हात वर करून म्हणते, "थांब गा ओमप्रकाश... अंजना, ते डब्बी कुठी ठेवली वं?"