कागदावरचं पाऊल

माझं माहेर उरणकडचं, ताई, मिठागरावरचं. आता तिकडं कंटेनरच कंटेनर हायत, पण आमी लहान व्हतो तवा नुसतं खारं पाणी आन चिखल. मिठागर तुडवायला लागतं, म्हाईत हाय का तुमाला, मीठ पडायच्या आदी खालची जमीन पायानं तुडवून तुडवून घट्ट करायची, आई तुडवायची आन मी सात वर्साची तिच्या मागं, पायात चप्पल नाय काय नाय, चप्पल घालून तुडवणार कशी. तर तिथं पाय जो पसरला तो पसरला. बोटं अशी लांब लांब, भांडून बसल्यासारखी. मला त्याचं काय नव्हतं, आमच्यात सगळ्यांचेच पाय तसे, कोण कोणाला हसणार.

हसले ते लग्नात. इकडं सुकापूरला दिली मला, ह्यांचं भातशेतीचं घर, मिठागर कोणी बघितलेलं नाय. दारात माप ओलांडलं, मंग कुंकवाच्या पाण्याच्या परातीत पाय ठेवून आत चालायला लावलं, लक्ष्मीची पावलं उठायला पायजेत ना. नव्या नवरीचं पाऊल कसं, मधी बारीक आन पुढं पाच टिंबं. माझं उठलं ते सरसकट, भाकरी थापल्यासारखं. चुलतसासू बोल्ली, अगो, लक्ष्मी आली का रेडा आला. सगळ्या हसल्या, मी पण हसली, काय करणार. पण त्या दिवसापासून मी पाय लुगड्याखाली घ्यायला शिकली ती शिकलीच. बसली की पाय आत, फोटो काढला की पाय आत. ह्ये कधी काय बोल्ले नाय, चांगला माणूस व्हता, पण बाईला एकदा हसलं की ते मनातून निघत नाय बघा.

ह्ये गेल्यावर मी नवीन पनवेलला शाळेत आया म्हणून लागली. बारकी पोरं, त्यांना बाथरूमला न्या, जिन्यानं वर न्या, खाली आना, दिवसभर फरशीवर उभी. टाच अशी दुखायला लागली की सकाळी खाटेवरून उतरताना भिंत धरायची. डॉक्टर बोल्ला, मावशी, चप्पल सोडा, मऊ बूट घाला, आत सुती मोजे घाला. मी बोल्ली, बूट घालून काय पोलिसात जायचंय. पण माझ्या सुनेनं, रेश्मानं, ते दिनेशला फोनवर सांगितलं. दिनेश माझा एकुलता एक, तवा मस्कतला बंदरावर क्रेनवर व्हता. तो बोल्ला, आई, इकडं एक नंबर बूट मिळतात, कागदावर पाय ठेव, पेन्सिलीनं कड ओढ, आपले शेजारचे रशीदभाय सुट्टी संपवून परत येतायत, त्यांच्याकडं दे.

रेश्मानं कॅलेंडरचं जुनं पान पालथं घातलं, माझा पाय हातात धरला, मी मागं ओढते आन ती विचारते, आई, गुदगुल्या होतात का. अशी कड काढून ती बाजारात गेली आन मी तो कागद बघितला. काय सांगू ताई तुमाला. मला वाटलं, हा कागद माझा पोरगा मस्कतच्या दुकानात सगळ्यांसमोर पसरणार, लोक विचारणार कोणाचा पाय, आन तो सांगणार माझ्या आईचा. मी दुसरं पान फाडलं, बोटभर आतून कड ओढली, मधी खाच दिली, अगदी लक्ष्मीचं पाऊल काढलं बघा, आन तेच पाकिटात घातलं. पहिला कागद चुरगळून कचऱ्यात. एवढी अक्कल माझी, की पाय कागदावर बारीक केला म्हणजे बूट पण ऐकणार.

दिनेश सुट्टीवर आला. पांढरे बूट, निळी पट्टी, सहा जोड मोजे. नणंद आलेली, तिची मुलगी आलेली, सगळ्यांसमोर बोल्ला घाल आई. पाय निम्मा पण गेला नाय. मोज्यातच बोटं अडकून बसली. दिनेशनं दुकानं पालथी घातलेली, बूट हातानं वाकवून वाकवून, मऊ बघून घेतलेले, त्याला राग आला, आन तो रेश्मावर उखडला, साधं पायाचं माप घेता येत नाय तुला, बारावी काय करायला झालीस. रेश्मानं माझ्याकडं एकदा बघितलं, एकदाच, मंग मान खाली घालून बोल्ली, चुकलं माझं. आन मी? मी पाय साडीखाली घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आन चोर समोर खुर्चीवर बसलेली. बूट नणंदेच्या मुलीला बसले, ती घालूनच गेली.

दिनेश परत गेल्यावर रेश्मा मला रिक्षानं पनवेलच्या बाजारात घेऊन गेली. दुकानदारानं विचारलं, नंबर काय. मी पाय आत घेते तवर तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला, काउंटरवर ठेवून हातानं सुरकुत्या सारख्या केल्या. तोच कागद, माझा पहिला. पाकीट रशीदभायकडं गेल्यावर तिला तो कचऱ्यात दिसला असणार, तिनं उचलून ठेवलेला. म्हणजे दिनेश ओरडत व्हता तवा तिला सगळं ठाव व्हतं. दुकानदार हसला नाय काय नाय, बोल्ला, मावशी, बायकांच्यात तुमाला आवळणार, गड्यांचे नऊ नंबर घाला, रुंद येतात. मोजे पण गड्यांचेच, सुती, वरचं रबर सैल. रेश्मा खाली बसली, मोजा चढवला, आत माझं एकेक बोट सरळ केलं, नाडी बांधली. मी दुकानात चालून बघितलं, कुठं दुखतंय ते शोधत व्हती, आन दुखतच नव्हतं. डोळ्याला पाणी आलं. ती बोल्ली, टोचतंय का आई. मी बोल्ली, नाय.

तिथं सांगायचं व्हतं. रिक्षात सांगायचं व्हतं. नाय सांगितलं.

आता हा तिसरा जोड. साडीवर काळे बूट बघून शाळेतली पोरं हसतात, हसूद्या, त्याची लाज कवाच गेली. लाज हाय ती दुसरीच. दिनेश आता इकडंच कळंबोलीला कामाला हाय, आन घरात पडदे शिवायचे असोत नायतर कपाट करायचं असो, तो बोलतो, हिला माप घ्यायला सांगू नका, आईचे बूट आठवतात ना. सगळे हसतात. रेश्मा पण हसते, मी त्या परातीजवळ हसलेली ना, तशीच. आठ वर्स झाली, आन आठ वर्स मी ताटातला भात चिवडत बसते.

तोंडातून निघत नाय, ताई, कितीदा ठरवलं. म्हणून बोल्ली तुमाला, एवढं सगळं लिवून घेतलंत त हे पण लिवा, छापून आलं की दिनेश वाचेल. लिवा की माप तिनं बरोबर घेतलं व्हतं. सासू तिला माझ्यासारखी मिळाली, देव करो आन तिला सून तिच्यासारखी मिळो. आता जरा वाचून दाखवा बघू, तिचं नाव लिवलंय ना नीट.